तट असलेले आणि तट नसलेले

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, ते १७३७ सालापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्या वर्षी मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. अंधेरीजवळचा वेसाव्याचा किल्ला १७३९ साली पडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई. वसईचा विजय शाळेत चिमाजी अप्पांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून शिकवला जातो. तहाच्या कलमांकडे सहसा कोणी वळत नाही. युद्धात हत्यार न धरलेल्या माणसाला मारावे काय, हा प्रश्न वर्गात काढायचा असेल तर आम्हाला ती कलमेच अधिक मोलाची वाटतात.

वेढा सुमारे तीन महिने चालला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले आणि ते उडवून खिंडारे पाडली. त्यांची स्वतःची हानी काही हजारांच्या घरात होती. इतकी माणसे गमावलेली फौज आत शिरली की काय करते, हे सांगायला नको. पण किल्ला शरण आला आणि तह झाला. शिबंदीने हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडावे. रहिवाशांनी आठ दिवसांत आपली चीजवस्त घेऊन जावे. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा आणि त्यांच्यासाठी तीन चर्च राखावीत, त्यांतले एक साष्टीत.

यात अप्पांची उदारता होतीच, पण वेढ्याचा रिवाजही होता. वेळेत शरण येणाऱ्या किल्ल्याला अटी मिळत. हल्ला करून घेतलेल्या शहराला बहुधा काहीच मिळत नसे. पोर्तुगीजांना हे पुरते ठाऊक होते. १५०८ च्या डिसेंबरअखेर त्यांच्याच अल्मेडा या व्हाइसरॉयने दाभोळ जिंकून बायकामुलांसकट तिथल्या लोकांची कत्तल केली होती. त्याचा मुलगा त्या वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. दाभोळच्या सामान्य रहिवाशांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. वसईकरांचे निरपराध असणे तहात कुठे मोजलेच गेले नाही. किल्लेदाराजवळ सोडून देण्याजोगा तट होता, त्याच्या मोबदल्यात त्यांचे प्राण मिळाले.

मग ज्यांना तटच नाही त्यांचे काय?

१७४२ साली, म्हणजे तीनच वर्षांनी, नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. स्वाऱ्या १७५१ पर्यंत होत राहिल्या. वर्धमानकडच्या खेडुतांजवळ शरण करून द्यायला काही नव्हते. गंगाराम या बंगाली कवीने त्याच काळात रचलेल्या ‘महाराष्ट्र पुराणा’त पळणाऱ्या लोकांना माळावर गाठून त्यांचे हात, नाक, कान कापल्याची, स्त्रियांवरील अत्याचारांची आणि गावे जाळल्याची वर्णने आहेत. कवीचे तिखटमीठ वजा केले तरी पुष्कळ उरते. या भीतीने कलकत्त्यात खंदक खणायला घेतला गेला, तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. आणि बर्गी, म्हणजे हे मराठे स्वार, बंगाली अंगाईगीतात कायमचे जाऊन बसले. १७५१ च्या तहात दरसाल १२ लाख रुपये चौथाई ठरली. आपल्या मुलांना वसई माहीत असते, बर्गी क्वचितच.

प्रयोगशाळेत एकच घटक बदलून पाहता येतो. इथे सरदार, प्रांत, हेतू सारेच निराळे, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण दोन्ही फौजा छत्रपती शाहूंच्याच नावाने लढत होत्या, एवढे विसरता येत नाही.

विमाने आली आणि तटाचा उपयोगच संपला. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमातील माणसांना शरण जाण्याची सोय नव्हती. तो निर्णय टोकियोत व्हायचा होता. त्या दृष्टीने ते भले मोठे शहर वर्धमानच्या खेड्यासारखेच उघडे होते. केवळ नागरिकांसाठी केलेला पहिला जिनिव्हा करार १९४९ चा. तो शत्रूच्या हाती सापडलेल्या नागरिकाला त्याच्या स्वतःच्या नावाने संरक्षण देतो, मग त्याचा किल्लेदार काहीही ठरवो. नागरी वस्तीवर मुद्दाम हल्ला करणे आणि नागरिकांना उपाशी मारणे यांवर स्पष्ट बंदी आली ती १९७७ च्या पुरवणी करारात. भारताने १९४९ चे करार १९५० साली मान्य केले. १९७७ च्या पुरवणी करारात तो अजून सामील झालेला नाही.