घोडदळ : संघटना व निशाणे

यांत्रिकीकरणापूर्वी घोडदळ हे सैन्याचे वेगवान अंग होते. त्याच्या संघटनेत दोन प्रश्न मूलभूत होते : घोडा कोणाच्या मालकीचा आणि गर्दीत स्वाराने कोणाच्या मागे जावयाचे. पहिल्याचे उत्तर पथकाच्या रचनेत, तर दुसऱ्याचे निशाणात आढळते. भारतातील, विशेषतः मराठ्यांच्या, घोडदळाच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न स्पष्ट दिसतात.

शिवकालीन घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे आणी. सभासद बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजारींवर पंचहजारी अशी उतरंड असून सर्वांवर सरनोबत असे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. शिलेदारांना पागेच्या अंमलाखाली ठेवण्यात आले होते. यामागील कारण व्यावहारिक होते. शिलेदाराचा घोडा हेच त्याचे भांडवल. तो पडला म्हणजे उपजीविका गेली. साहजिकच निकराच्या प्रसंगी घोडा वाचविण्याकडे त्याचा कल होई. पेशवाईत सरंजामी पथके व शिलेदार यांचे प्रमाण वाढले आणि मध्यवर्ती हुकमत सैल झाली.

निशाण हे शोभेचे साधन नव्हते. धूळ व गलका यांत तोंडी हुकूम पोहोचत नसे. म्हणून सरदाराचे ठिकाण निशाणावरून आणि हालचालीची सूचना नगाऱ्यावरून कळे. नगारा व निशाण बाळगण्याचा अधिकार हा मोठा बहुमान समजला जाई. पेशवेकाळात जरीपटका हे मराठी सैन्याचे प्रमुख निशाण होते. मात्र जे निशाण स्वकीयांना दिसे, ते शत्रूलाही दिसे. ते पडल्यास फौजेचा धीर सुटण्याचा धोका असे.

यूरोपीय पद्धतीत घोडदळाचे निशाण पायदळाच्या निशाणापेक्षा आकाराने लहान असे, कारण ते एका स्वारास दौडत न्यावयाचे असे. ब्रिटिश सैन्यात अवजड घोडदळाचे निशाण चौकोनी, तर ड्रॅगून पथकांचे दुभंगलेल्या टोकाचे असे. भालाईत स्वारांच्या भाल्यांना लहान पताका बांधीत. खुशाबच्या लढाईत (८ फेब्रुवारी १८५७) इराणी सैन्याकडून हस्तगत केलेले, रुपेरी पंजा असलेले निशाण ‘पूना हॉर्स’ या रिसाल्याने मानचिन्ह म्हणून जतन केले. हा रिसाला १८१७ च्या पुणे तहान्वये उभारलेल्या पथकातून निर्माण झाला होता.

ब्रिटिशांनी शिलेदारी पद्धत नव्या रूपात चालू ठेवली. रिसाल्याचे स्क्वॉड्रन व ट्रूप असे विभाग असून त्यांत रिसालदार, जमादार, दफेदार व सवार असे हुद्दे होते. सवार भरतीच्या वेळी ठराविक रक्कम भरी आणि तीतून घोडा घेतला जाई. मद्रासचे तीन रिसाले वगळता १९१४ मध्ये हीच पद्धत सर्वत्र होती. शांततेच्या काळात ती स्वस्त पडे. पण पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई तीतून होईना. परिणामी युद्धानंतर ती बंद झाली आणि १९२१-२२ च्या पुनर्रचनेत ३९ रिसाल्यांचे २१ रिसाले झाले. म्हणजे शिवकालात ओळखलेला दोष सुमारे अडीच शतकांनी पुन्हा प्रत्ययास आला.

यांत्रिकीकरणास १९३८ मध्ये ‘सिंद हॉर्स’सारख्या रिसाल्यांपासून प्रारंभ झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत ते पूर्ण झाले. घोडे गेले, परंतु स्क्वॉड्रन, रिसालदार व सवार ही नावे आणि रिसाल्यांची निशाणे रणगाडा दलाने वारसा म्हणून स्वीकारली.