तय्यब मेहतांचा बांधलेला बैल

हुसेन यांच्याविषयी आपण पुष्कळ बोललो. भांडलोही. त्यांच्याच काळातले, प्रोग्रेसिव्ह गटातल्या चित्रकारांमध्ये वावरलेले तय्यब मेहता मात्र आपल्या चर्चेत फारसे आले नाहीत. त्यांच्या अबोल स्वभावाचाही यात वाटा असावा.

तय्यब यांचा जन्म २६ जुलै १९२५ रोजी गुजरातमधील कपडवंज येथे, दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. वाढले ते मुंबईत. घराण्याचा सिनेमाच्या धंद्याशी संबंध होता, त्यामुळे चित्रकार होण्याआधी त्यांनी चित्रपट-संकलनाचे काम केले. १९४७ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९५२ मध्ये बाहेर पडले.

त्याच १९४७ मध्ये, फाळणीच्या दंगलीत, महंमद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी खाली जमावाने एका माणसाला ठार मारताना पाहिले. त्याचे डोके दगडांनी ठेचले गेले. तरुण तय्यब तापाने फणफणले. ते दृश्य आयुष्यभर पाठ सोडीत नाही, असे ते उतारवयातही सांगत. मारणारे कोणत्या धर्माचे, मरणारा कोणत्या, याचा हिशेब त्यांच्या चित्रांत कुठेच नाही. आहे तो फक्त कोसळणारा देह.

दुसरी प्रतिमा कत्तलखान्यातली. पाय बांधून आडवा पाडलेला बैल त्यांनी पन्नाशीच्या दशकापासून पुन्हा पुन्हा रंगवला. एवढी ताकद आणि हलताही येत नाही! १९७० च्या ‘कूडल’ या त्यांच्या लघुपटातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये आहेत. त्या लघुपटाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला.

लंडनमध्ये पाच वर्षे काढली, पुढे १९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क पाहिले. तिथून आल्यावर खरखरीत, जाड रंग गेले. सपाट, स्वच्छ रंगांचे मोठे पट्टे आले. १९६९ मध्ये चित्र जमेना म्हणून वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एक तिरकी रेघ ओढली. माणसाचे देह त्या रेघेवर दुभंगले, आणि पुढची काही वर्षे ती रेघच त्यांची ओळख झाली. मनास न आलेली चित्रे ते सरळ नष्ट करीत. म्हणूनच त्यांची चित्रे संख्येने थोडी आहेत.

१९८४-८५ मध्ये ते शांतिनिकेतनात राहिले. त्यानंतर त्यांच्या चित्रांत काली आली, महिषासुर आला. त्यांच्या महिषासुरात देवी आणि असुर एकमेकांत असे गुंतले आहेत की वध चालला आहे की आलिंगन, सांगता येत नाही. एका बोहरा चित्रकाराने ही कथा इतक्या आपलेपणाने हाताळावी, हे मला त्यांच्या लिलावातल्या किमतींपेक्षा मोठे वाटते. किमतीही लहान नव्हत्या: २००५ मध्ये ‘महिषासुर’ दहा लाख डॉलरांच्या पुढे गेला. तय्यब २ जुलै २००९ रोजी मुंबईत वारले. १९५६ मधला तो बांधलेला बैल २०२५ च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुंबईतल्या एका लिलावात एकसष्ट कोटींहून अधिक रुपयांना विकला गेला.