मॉडलिन: गुत्त्यात बिघडलेलं नाव

ऑक्सफर्डमध्ये १४५८ साली स्थापन झालेल्या एका कॉलेजचं नाव स्पेलिंगबरहुकूम वाचलं तर 'मॅग्डालेन'. उच्चार मात्र 'मॉडलिन'. दोन घोट पोटात जाताच गहिवरून गळे काढणाऱ्याला इंग्रजीत जे विशेषण लावतात, तेही 'मॉडलिन'च! दोन्हींचं मूळ येशूची अनुयायी, आपल्या मराठी बायबलातली मग्दालीया मरीया. जुन्या फ्रेंचमध्ये तिच्या नावातला 'ग' गळाला आणि तेच रूप इंग्लंडात रुळलं.

मग्दालीया म्हणजे मग्दालाची. मग्दाला हे गालील समुद्राकाठचं गाव; हिब्रूत 'मिग्दाल' म्हणजे बुरूज. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात बायकांचे केस गुंफणारी एक मिर्यम येते, तिच्यावरून काही पंडितांनी मग्दालीया म्हणजे 'वेणीफणी करणारी' असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. केसांचा संबंध मरीयेला चिकटला तोच एका घोटाळ्यातून. लूकच्या शुभवर्तमानात येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुसणारी पापी स्त्री निनावी आहे. पोप पहिल्या ग्रेगरीने ५९१च्या प्रवचनात ती, बेथानी गावची मरीया आणि मग्दालीया या तिघींची एकच बाई करून टाकली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हे मानलं नाही; पश्चिमेत मात्र टिशियनपर्यंतच्या चित्रकारांनी मोकळ्या केसांची, डबडबलेल्या डोळ्यांची मरीया रंगवली.

या चित्रांमुळेच विशेषण आलं, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. चित्रं फ्रान्स-स्पेनमध्येही होती, तिथेही 'मग्दालीयेसारखं रडणं' म्हणतात. पण त्याचा अर्थ फक्त ढसाढसा रडणं. उथळ भावुकतेचा शिक्का इंग्रजीतच बसला, आणि तो गुत्त्यात बसला असं माझं ठाम मत आहे. इंग्रज लेखक टॉमस नॅशने १५९२ साली दारुड्यांच्या आठ जाती सांगितल्या. माकड, सिंह, डुक्कर यांच्या रांगेत पाचवा 'मॉडलिन': पिता पिता प्रेमाने रडू लागतो, मुके घेतो आणि तुमच्यावर किती जीव आहे ते सांगत सुटतो. कारणाशिवाय वाहणाऱ्या आसवांना नाव मिळालं ते इथे.

मरीयेच्या आसवांना मात्र कारण होतं. योहान सांगतो, ती रडली रिकाम्या कबरीपाशी, येशूचा देह सापडेना म्हणून. नंतर पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना तिनेच दिली. म्हणून ती 'प्रेषितांची प्रेषित'. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी हे विशेषण वापरताना एवढं ध्यानात ठेवावं: यातली आसवं दारुड्याची आहेत, मरीयेची नाहीत.