बॅलेतील युगुलनृत्य: अजिंठा आणि मुंबई

शास्त्रीय बॅलेतील स्त्री-पुरुषांच्या युगुलनृत्याला 'पा द दो' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने त्याचा क्रम पक्का केला: आधी दोघांचा संथ नाच, मग दोघांचे एकल आणि शेवटी द्रुत लयीत पुन्हा दोघे. संथ भागात नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी असते आणि जोडीदार कमरेला हात देऊन तिचा तोल सांभाळतो. उचलण्यात नुसते बळ कामाला येत नाही. ती गुडघ्यांतून उसळी घेते, नेमका तोच क्षण त्याला पकडावा लागतो.

पेतिपाच्याच परंपरेत घडलेली आना पावलोवा १९२२-२३च्या सुमारास भारतात आली. अजिंठ्यासह सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणून अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी नुकतीच करून घेतली होती. १९२३ साली पावलोवाने लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले केला. त्याच वर्षी 'राधा-कृष्ण'मध्ये ती राधा झाली; कृष्ण होता उदय शंकर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा माजी विद्यार्थी.

पावलोवाच्याच प्रोत्साहनाने लीला सोखी ऊर्फ मेनका नृत्याकडे वळल्या. त्यांचे पती मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. मेनकांच्या संचाने १९३६ साली बर्लिनच्या नृत्यमहोत्सवात बक्षिसे मिळवली. पुढे त्यांनी खंडाळ्याला शाळा काढली. त्यांच्या नृत्यनाट्यांचा पाया मात्र कथकाचा. कथकात जोडीदाराचा भार पेलण्याची रीतच नाही. जोडी जमते ती लयीत आणि नजरेत. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' स्थापन केला. त्यांच्या 'रामायणा'त तर पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी हालतात. आपल्याकडे बॅले रुजला तो असा, कथा सांगण्याचा प्रकार म्हणून. युगुलनृत्याचे मूळ तंत्र बाहेरच राहिले.

ते तंत्र शिकवायचे तर लहानपणापासून घडवलेले मुलगे लागतात, आणि खरी अडचण तिथेच होती. १९६६ साली तुष्ना दल्लास यांनी मुंबईत बॅलेची शाळा सुरू केली. बऱ्याच वर्षांनी इस्रायली बॅलेशिक्षक यहुदा माओर यांच्या हाताखाली मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह हे साध्या घरांतले दोघे तयार झाले. अमीरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. या दोघांच्या वाटचालीवर सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा चित्रपट २०२० साली आला.