वर्गाचे नियम कोणासाठीं?

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या, कीं घरोघरीं एकच लगबग सुरू होते. नव्या पुस्तकांना वेष्टनें घालावयाचीं, जुनें दप्तर आणखी एक वर्ष टिकेल कीं नाहीं हें पाहावयाचें, छत्रीची मोडलेली काडी नीट करून आणावयाची. आणि मग शाळेच्या पहिल्या दिवशीं मूल वर्गांत जाऊन बसतें. बसल्यावर त्याच्या कानीं जी पहिली गोष्ट पडते ती धडा नव्हे कीं कविता नव्हे. ते असतात नियम. वेळेवर यावें, रांगेनें चालावें, विचारल्यावांचून जागेवरून उठूं नये, नखें कापलेलीं असावीं, दिलेला अभ्यास रोजच्या रोज करावा. हे नियम आपल्या इतके अंगवळणीं पडले आहेत, कीं त्यांनाहि कांहीं इतिहास असेल अशी शंका आपणांस येत नाहीं. परंतु इतिहास आहे. आणि तो नीट पाहिला असतां एक लक्षणीय गोष्ट दृष्टीस पडते. वर्गाचा नियम प्रथम केवळ मुलाला बांधीत होता. पुढें तो पालकाला बांधूं लागला. आणि अखेरीस शाळेला व सरकारला बांधूं लागला. हा प्रवास कसा झाला, आणि त्याची किंमत कोणाला द्यावी लागली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इंग्रजी अंमलाच्या पूर्वीं आपल्याकडे पंतोजींची शाळा असे. देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवींत ती भरे. ‘नवें शालेय वर्ष’ ही कल्पनाच त्या शाळेला ठाऊक नव्हती. घरच्यांनीं चांगला मुहूर्त पाहावा, पाटीपूजन करावें, पंतोजींच्या हातावर दक्षिणा ठेवावी, आणि मुलानें धूळपाटीवर श्रीगणेशा गिरवावयास बसावें. म्हणजे त्याचें वर्ष सुरू झालें. ज्याचा त्याचा मुहूर्त निराळा, तसें ज्याचें त्याचें वर्षहि निराळें. अक्षरें, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, मोडी वळण आणि संध्याकाळचा परवचा, एवढा अभ्यासक्रम. छापील पुस्तक नव्हतें, तसा लेखी नियमहि नव्हता. तो पंतोजींच्या छडीच्या टोकावर असे. कान धरून उठाबशा, अंगठे धरून ओणवें राहणें, हे नित्याचे प्रकार. आणि शाळा चुकविणाऱ्या मुलाला चार दांडग्या मुलांकरवीं उचलून आणणें, हाच त्या शाळेचा हजेरीपट.

पंतोजींना नुसतीं नांवें ठेवून भागणार नाहीं. पालक देतील तें धान्य, सणावारचा शिधा आणि मिळतील ते चार पैसे, यांवर त्यांचा प्रपंच चाले. एकट्या माणसानें लहानमोठीं सर्व मुलें सांभाळावयाचीं, म्हणून मोठ्या मुलांनीं धाकट्यांना शिकवावें ही तोड त्यांनीं काढली होती. परंतु त्या ओवरींत बसावयाचें कोणीं? लिहिण्यावांचून ज्यांच्या धंद्याचें अडे, त्यांचीं मुलें तेथें येत. मुली जवळजवळ नसतच, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर ओवरीची पायरीहि वर्ज्य होती. त्यांना येऊं देऊं नये असा नियम कोणीं लिहून ठेविला नव्हता; लिहिण्याची गरजच कोणास वाटली नव्हती. जो नियम लिहावा लागत नाहीं, तोच सर्वांत कठोर असतो, हें ध्यानांत ठेवून आपण पुढें जाऊं.

मोठ्या मुलानें धाकट्यास शिकविण्याची ही रीत केवळ आपल्याच प्रांतीं नव्हती. दक्षिणेंतहि ती रूढ होती, आणि तेथून तिनें मोठा प्रवास केला. मद्रासजवळच्या एगमूर येथील मुलांच्या अनाथालयावर १७८९ पासून अँड्र्यू बेल नांवाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक देखरेख करीत होते. एतद्देशीय शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढतांना त्यांनीं पाहिलीं, आणि ती युक्ति आपल्या शाळेंत आणून थोरल्या मुलांकडे धाकट्यांचें शिक्षण सोंपविलें. विलायतेस परत गेल्यावर १७९७ मध्यें त्यांनीं या प्रयोगाचा वृत्तांत छापला. पुढील वर्षीं लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनींहि याच धर्तीची शाळा काढली, व तिला शिस्तीच्या काटेकोर यंत्राचें रूप दिलें. छडीचा त्यांना तिटकारा. पण अपराधी मुलाच्या गळ्यांत लांकडाचा ओंडका अडकवावा, किंवा त्याला टोपलींत बसवून छताला टांगावें, असे उपाय त्यांनीं सुचविले. अंगावरचा मार गेला आणि त्याची जागा चारचौघांतील अप्रतिष्ठेनें घेतली. तो सौदा मुलाच्या फायद्याचा झाला कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

इकडे मुंबईस १८२२ मध्यें एतद्देशीयांच्या शाळा व शाळापुस्तकें यांच्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे त्या वेळीं गव्हर्नर होते. मंडळीच्या समितीनें शाळांची स्थिति पाहून चार उणिवा दाखविल्या: पुस्तकें नाहींत, शिकविण्याची पद्धति नाहीं, योग्य शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. पद्धतीच्या उणिवेवर उपाय म्हणून लँकेस्टरची रीत सुचविण्यांत आली. आपल्याच देशांतून गेलेली युक्ति अशी विलायती पोशाख करून परत आली! हळूहळू छापील पुस्तक आलें, इयत्ता आल्या, घंटा आली, रविवारची सुटी आली. १८५५ मध्यें मुंबई इलाख्याचें विद्याखातें सुरू झालें, आणि परीक्षा घेण्यास येणाऱ्या ‘दिपोटीं’चा धाक मास्तर व विद्यार्थी या दोघांनाहि सारखाच वाटूं लागला. नियम प्रथमच कागदावर आला.

आणि कागदावर नियम आला, तेव्हांच त्याची पहिली खरी परीक्षा झाली. १८५६ च्या जून महिन्यांत धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. सरकारी शाळा सर्वांच्या पैशानें चालते, मी फी देण्यास तयार आहें, मग मला कां घेत नाहीं, एवढाच त्या प्रश्नाचा मथितार्थ. शाळेनें त्यास घेतलें नाहीं. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलें. सरकारनें त्याचा हक्क तत्त्वतः खोटा ठरविला नाहीं. पण या एकट्या मुलासाठीं बाकीच्या जातींचीं मुलें शाळा सोडून जातील, म्हणून हस्तक्षेप करणें बरें नव्हे, असा निर्णय दिला. पुढें १८५८ मध्यें कंपनीच्या संचालकांनीं, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत व हें तत्त्व सोडतां येणार नाहीं, असें स्पष्ट कळविलें. तत्त्व राहिलें, पण जूनमध्यें शाळेच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या त्या मुलाचें वर्ष त्यामुळें परत आलें नाहीं.

सरकार असें मागेंपुढें पाहात होतें. पण पुण्यांत कांहीं माणसांनीं त्याच्या आधींच पाऊल उचललें होतें. १८४८ मध्यें जोतीराव फुले यांनीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातांना लोक अंगावर शेण व चिखल टाकीत, म्हणून त्या जास्तीचें लुगडें बरोबर नेत. ज्या समाजानें मुलींना पाटी शिवूं दिली नव्हती, त्या समाजाच्या न लिहिलेल्या नियमाचा भंग शाळेच्या वाटेवर रोज सकाळीं होत होता. पुढें १८८२ मध्यें हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढें जोतीरावांनीं निवेदन दिलें. बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक तयार केलेले असावे व त्यांस पगार पुरेसा असावा, शेतकऱ्यांच्या वर्गांतूनहि शिक्षक घ्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. नियम करावयाचा तर तो मुलाच्या नखांपुरता न करतां शिक्षकाच्या योग्यतेचा व सरकारच्या कर्तव्याचाहि करा, असें सांगणारा हा आवाज होता.

तत्त्व मान्य झालें तरी वर्गांतील जागा लगेच मिळाली नाहीं. बाबासाहेब आंबेडकर सातारच्या शाळेंत होते, तेव्हां त्यांना वर्गांत निराळें बसावें लागे. बसावयाचें गोणपाट शाळेचा झाडूवाला शिवत नसे, म्हणून तें रोज घरीं नेऊन दुसऱ्या दिवशीं परत आणावें लागे. शिपाई हजर असेल तर वरून पाणी मिळावयाचें. शिपाई नसेल तर तहान तशीच. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. शाळेच्या नियमांच्या पुस्तकांत गोणपाटाचें कलम कोठेंहि नसेल. पण वर्गाला तें तोंडपाठ होतें.

यानंतर नियमाचें तोंड पालकाकडे वळलें. बडोद्यास सयाजीरावांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, व १९०६ मध्यें तो सबंध राज्यास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळापुढें सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक मांडलें. तें १९१२ च्या मार्चमध्यें तेरांविरुद्ध अडतीस मतांनीं नामंजूर झालें. मात्र १९१८ मध्यें विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ मध्येंच सक्तीचा कायदा केला, आणि मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. १९१९ मध्यें त्यांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. पंतोजींच्या काळीं गैरहजेरीचा अपराधी मुलगा होता; आतां तो बाप झाला.

परंतु मुलाला सक्तीनें बसवून तें शिकतें काय? हा प्रश्न भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० मध्यें बालमंदिर काढून विचारला, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं तो महाराष्ट्रांत आणला. बक्षीस नको, शिक्षा नको. मुलाच्या कामांतूनच शिस्त यावी, असें त्यांचें म्हणणें. १९४५ मध्यें ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं काम सुरू केलें. पुढें १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें, आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला राहिल्या. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं चार दांडगीं मुलें पाठविलीं नाहींत. शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण सहज वापरतों; त्याच्या मागें हजेरीचा उलटा केलेला हा नियम आहे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें १९५० मध्यें अस्पृश्यता नष्ट केली, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत सक्तीचें मोफत शिक्षण देण्याचें ध्येय सरकारपुढें ठेविलें. दहाचीं साठ वर्षें झालीं. १ एप्रिल २०१० रोजीं, आदल्या वर्षीं संमत झालेला शिक्षणाच्या हक्काचा कायदा अंमलांत आला. त्यांतील नियमांची यादी मुद्दाम वाचून पाहावी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारूं नये. त्याला मारूं नये, त्याचा मानसिक छळ करूं नये. पहिली ते पांचवीचे वर्ग वर्षांतून निदान दोनशें दिवस भरवावे. शिक्षकानें वेळेवर हजर राहावें व खाजगी शिकवणी करूं नये. शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे. वेळेवर येण्याचा जुना नियम येथेंहि आहेच. पण तो आतां मास्तरांना आहे! मुलाला नापास करूं नये हें या कायद्यांतील कलम मात्र २०१९ मध्यें सैल झालें, व पांचवी आणि आठवीपुरती मोकळीक राज्यांना मिळाली. त्यावरचा वाद मिटलेला नाहीं, आणि तो मिटेपर्यंत चालावा हेंच बरें.

श्रोतेहो, मुलांना नियम नसावे असें यांतून कोणी समजूं नये. चाळीस मुलें एका खोलींत बसावयाचीं, तर रांग हवी, शांतता हवी, वेळ हवी. परंतु इतिहास सांगतो, कीं मुलांसाठीं केलेले नियम पाळले गेले नाहींत म्हणून आपलें फारसें नुकसान झालेलें नाहीं. वडीलधाऱ्यांसाठीं असलेले नियम पाळले गेले नाहींत, त्यामुळें पिढ्या बुडाल्या. धारवाडचा तो मुलगा उशिरां आला नव्हता, त्यानें गडबड केली नव्हती, तो फी द्यावयास तयार होता. नियम मोडला तो शाळेनें.

म्हणून यंदा मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर शाळेचे नियम लिहून आले, कीं ते त्याच्याकडून अवश्य म्हणून घ्या. मग त्याला एवढेंच विचारा: तुझ्या वर्गांत निराळें कोणी बसतें काय? कोणाला कोणी मारतें, हिणवतें काय? पाण्याच्या घड्याशीं सगळे सारखेच जातात ना? त्या उत्तरांवरून वर्गाचे खरे नियम कोणते, तें आपल्याला कळून येईल.