घेरियाचे आरमार

देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. शाळेची सहल घेऊन तिथे गेलेले पुष्कळ गुरुजी आज ऐकत असतील. तटावर चढल्यावर मुलं हमखास विचारतात, "गुरुजी, हा किल्ला लढाईत कुणी पाडला?" खरं सांगायचं तर, तो तसा कुणी पाडलाच नाही.

जुने नाव घेरिया. शिलाहारांनी बांधलेला हा किल्ला शिवाजीमहाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, वाढवला आणि त्याला तिहेरी तट आला. पण नुसत्या तटाने जलदुर्ग होत नाही. आतली खाडी खोल; तुफानात जहाजे सुखरूप शिरत. जवळच गिर्ये येथे आंग्र्यांची सुमारे 350 फूट लांबीची गोदी होती. जहाजे तिथे दुरुस्त व्हायची आणि पुन्हा दर्यात जायची. किल्ल्याचा जीव होता तो या गोदीत. म्हणूनच 1717 आणि 1720 मध्ये इंग्रज, 1724 मध्ये डच असे चाल करून आले, अन् हात हलवत परत गेले.

मग 1756 साल उजाडले. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हता, त्यांची खंडणी थकवीत होता, आणि लुटताना आपला-परका फारसा पाहत नव्हता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्याला वठणीवर आणण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, ही गोष्ट मला आजही बोचते. फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार खाडीच्या तोंडाशी आले. फौजेबरोबर क्लाइव्ह होता. जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेने कोंडी केली. तुळाजी बोलणी करायला मराठी छावणीत गेला, तो अडकलाच. इकडे तोफांचा मारा सुरू झाला. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेले! आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली, आणि दाटीने नांगरलेले सारे आरमार एका दिवसात जळून गेले. किल्ला लगेच शरण आला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. वॉटसन आणि क्लाइव्ह मात्र पुढल्याच वर्षी बंगालमध्ये दिसतात. तिथे काय घडले ते आपण जाणतोच.

इंग्रजांनी बाणकोट घेऊन विजयदुर्ग त्याच वर्षी पेशव्यांना दिला. धुळपांनी तिथून आरमार चालवले. 1783 मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाजही पकडले. पण पहिला दरारा काही परत आला नाही. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. सारा समुद्रच त्यांचा, त्यांना या किल्ल्याचे काय अगत्य? पुढचे काम पाऊस, लाटा आणि सांध्यांत रुजलेली झाडे यांनी सावकाश केले. 2020 च्या पावसाळ्यातही तटाचा एक भाग ढासळला. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत विजयदुर्ग आहे. आनंदच आहे.

गुरुजींनी पुढच्या सहलीत गिर्येची गोदीही मुलांना दाखवावी. गावात चौकशी करून, ओहोटीच्या वेळी जावे.