विसर पडतो, आठवण येते

शाळेच्या वर्गात रोज ऐकू येणारा एक संवाद आहे. "वही कुठंय?" "बाई, विसरलो." उत्तर दोन शब्दांचे, पण त्यात चूक आली, ती कोणाची हे आले आणि कबुलीही आली. तासाभराने तोच मुलगा बाकावरून उठून म्हणतो, "बाई, मला आठवलं! वही आजीच्या पलंगावर राहिली." आता 'मी' मागे सरला आणि 'मला' पुढे आला. विसरण्याचे काम त्याने केले होते. आठवण मात्र आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत आली.

मराठीत माणसाला भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, तशी आठवण येते. या गोष्टींवर आपली सत्ता चालत नाही, हे आपल्या व्याकरणाला ठाऊक आहे. उचकी लागली की "कोणीतरी आठवण काढतंय" असे आपण म्हणतो. म्हणजे आठवण काढताही येते, पण ती डब्यातून लाडू काढावा तशी दर वेळी हाती लागत नाही. बोलावल्यावर न येणारी आणि आंघोळ करताना अचानक समोर उभी राहणारी ही वस्तू नेमकी आहे काय? मेंदूचे अभ्यासक या प्रश्नामागे शे-दीडशे वर्षे लागले आहेत. आपल्या रोजच्या शब्दांकडेही त्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

'विसरणे' या शब्दापासून सुरुवात करू. कानाला त्यातला 'सर' हा ओसरणे, सरकणे, घसरणे यांच्या गोतावळ्यातला वाटतो. मनातून काहीतरी सरकून गेले, ते विसरले, असा अर्थ सहज सुचतो आणि तो पटतोही. पण शब्दाचे कूळ वेगळे आहे. संस्कृतातला 'स्मृ' हा आठवण्याचा धातू, त्याला 'वि' हा उपसर्ग लागून 'विस्मरति' झाले, प्राकृतात त्याचे 'वीसरइ' झाले आणि मराठीत 'विसरणे'. हिंदीतले 'बिसरना' याच घरातले. म्हणजे विसरण्यातला 'सर' हा झिजलेला 'स्मर' आहे. विसराच्या पोटात स्मरण बसलेले आहे.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या केल्या आणि एका लयीत त्या स्वतःच पाठ केल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर तो घोकत बसला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी म्हणत एका सुरात डोलणारी जुनी शाळा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. मग ठरावीक काळाने तो तीच यादी पुन्हा पाठ करी आणि या खेपेला किती श्रम वाचले ते मोजी. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्क्यांच्या आसपास आणि ३१ दिवसांनी २१ टक्क्यांच्या आसपास. विसर पहिल्या तासांत धो धो पडतो आणि पुढे त्याची रिपरिप होते, हे त्यातून दिसले. मला मात्र त्या शेवटच्या आकड्याचे मोल अधिक वाटते. महिन्याने यादी म्हणता येत नव्हती, तरीही ती पुन्हा शिकताना पाचव्या हिश्शाचे काम आधीच झालेले होते. वरून विसर, पोटात स्मरण.

'पाठ' आणि 'पाढा' यांचेही नाते इथेच सांगून टाकू. संस्कृत 'पठ्' म्हणजे मोठ्याने म्हणणे. प्राकृतात ठ चा ढ होऊन 'पढ' झाले. त्यातून आपल्याकडे पाढा आला, पढवणे आले आणि समर्थांच्या दासबोधात ज्याच्यासाठी अख्खा समास आहे तो पढतमूर्खही आला. पाठांतर आपण आदराने जपले. पण म्हणता येणे आणि कळणे यांत अंतर आहे, ही ताकीदही आपण त्याच धातूतून घडवली.

आता गंमत अशी की 'विसरणे' मराठीने जपले, पण त्याच्या सरळ बाजूचे, म्हणजे नुसत्या 'स्मर'चे घरगुती रूप तिच्या हातून जवळजवळ सुटले. 'स्मरण' आणि 'स्मृती' हे आपण संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द. सभेत, ग्रंथात, श्रद्धांजलीत ते शोभतात. भाजी निवडताना कोणी "मला स्मरले" म्हणत नाही. अपवाद एका चिमुकल्या शब्दाचा. 'स्मृती'चे प्राकृतात 'सइ' झाले आणि मराठीत 'सय'. माहेरची सय, लेकराची सय. इतका झिजलेला की त्यात एकही जोडाक्षर उरले नाही आणि इतका मऊ की त्याचा हिशेबाशी, परीक्षेशी काही संबंध राहिला नाही. "पासवर्डची सय आली" असे म्हणून पाहा, शब्द लगेच अंग चोरतो.

याच 'स्मृती'चे पालीत 'सति' झाले. बौद्ध परंपरेत सति म्हणजे आत्ता जे घडते आहे त्याचे भान, जागरूकता. इगतपुरीला विपश्यनेसाठी जाऊन आलेल्यांनी 'सतिपट्ठान' हा शब्द ऐकलेला असेल. एकाच शब्दातून एकीकडे मागचे आठवणे निघाले आणि दुसरीकडे समोरचे पाहणे. हे दोन अर्थ इतके लांब गेले कसे, असे आधी वाटते. पण ते लांब नाहीतच, हे मराठीतल्या दुसऱ्या एका शब्दाने कळते. तो शब्द म्हणजे 'लक्ष'.

लक्ष म्हणजे खूण, नेम धरण्याची जागा, मग अवधान. मराठीने स्मृतीचे सारे टप्पे याच एका शब्दावर उभे केले आहेत. गोष्ट आधी लक्षात येते, मग आपण ती लक्षात ठेवतो, ती लक्षात राहते किंवा लक्षातून जाते. आत येणे, राहणे आणि निघून जाणे, सगळे लक्षाच्या दारातून. १९७९ साली निकरसन आणि अ‍ॅडम्स या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या लोकांना रोजच्या वापरातले एका सेंटचे नाणे आठवून काढायला सांगितले. बहुतेकांना त्यावरचा चेहरा, अक्षरे, साल यांची जागा धड सांगता आली नाही. हजारो वेळा हातातून गेलेले नाणे! ते लोक नाण्याचे रूप विसरले, असे म्हणणेही चूक ठरेल. ते त्यांच्या लक्षात आलेच नव्हते. स्मृतीला 'सति' व्हावे लागते, ते असे.

'ओळख' हा शब्दही याच 'लक्ष्' धातूपासून आला. म्हणून "चेहरा ओळखीचा आहे, पण नाव आठवत नाही" हे वाक्य मला फार नेमके वाटते. ओळखणे म्हणजे समोर आलेल्या वस्तूवरची जुनी खूण पटणे. आठवणे म्हणजे वस्तू समोर नसताना ती उभी करणे. पहिले सोपे, दुसरे अवघड. कधी आपण या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर अडकतो आणि म्हणतो, "अगदी जिभेवर आहे!" रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ साली याच अवस्थेचा अभ्यास केला. नाव जिभेवर अडलेल्यांना पुष्कळदा त्याचे पहिले अक्षर किंवा त्यात किती उच्चारखंड आहेत, हे बरोबर सांगता येत होते. पुढे ५१ भाषांची पाहणी झाली, तेव्हा ४५ भाषांनी या अवस्थेसाठी जिभेचाच आधार घेतलेला आढळला.

आता 'आठवणे'. त्यातला 'ठव' ऐका. संस्कृत 'स्थापय' म्हणजे उभे करणे, मांडणे. त्याचे प्राकृतात 'ठव' झाले आणि त्यातूनच आपले 'ठेवणे' आले, 'ठेव' आली. 'आ' उपसर्गासह तोच 'ठव' आठवणीत आहे, अशी संगती मला लागते. बँकेतल्या ठेवीची बहीण म्हणून आठवण शोभते खरी. पण स्थापनेत ठेवण्याहून थोडे अधिक असते. घट बसवतो तेव्हा आपण गेल्या वर्षीचाच घट उघडून बघत नाही, दर वर्षी नव्याने मांडतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि ती पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली. हळूहळू कथेतल्या डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. प्रत्येकाने कथा आपल्या घरच्या सामानाने पुन्हा मांडली. पुढे २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत पाहिले, की पक्की झालेली आठवण जागी झाली की काही काळ पुन्हा कच्ची होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. आठवणे म्हणजे पुन्हा स्थापणे, हे आता मेंदूच्या पातळीवरही दिसते.

आणि जे आठवताच येत नाही, तरीही राहते, त्याला आपण काय म्हणतो? 'अंगवळणी पडणे', 'हात बसणे'. १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्याच्या विकारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा काढला गेला आणि त्यानंतरचे काहीही त्याच्या लक्षात राहीनासे झाले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. रोज त्याला ते काम नवेच वाटे, पण दिवसेंदिवस त्याचा हात सफाईने चालू लागला. लक्षात नव्हते, पण अंगवळणी पडले होते.

हे वाचले तेव्हा मला माझी आत्या आठवली. शेवटच्या दोन वर्षांत तिला माझे नाव येत नसे. जेवण झाल्यावर घटकाभराने ती विचारी, "जेवायचं कधी?" पण समोर कापूस ठेवला की बोटे आपोआप चालू लागत. चिमूटभर कापूस घेऊन त्याचा गोल पसरायचा, मधोमध उचलायचा, दुधाचे बोट लावून शेंडी वळायची. फुलवातींची ओळ ताटात लागत जायची, सगळ्या एका मापाच्या. घरातले कोणी थकून म्हणे, "अहो, आत्ताच तर सांगितलं, विसरलात कशा?" ती गोंधळून बघायची. तिने काही केलेच नव्हते, तरी कर्तेपण तिच्या माथी मारले जात होते.

मराठीत 'मी विसरलो' आहे, तसे 'मला विसर पडला' हेही आहे. अंधार पडतो, पाऊस पडतो, तसा विसर पडतो. वही विसरलेल्या मुलाने 'मी' म्हणावे, ते योग्यच आहे. जबाबदारी तशीच शिकायची असते. पण घरात जे माणूस हळूहळू आपले शब्द गमावत असते, त्याच्याशी बोलताना आपण दुसरे वाक्य उचलावे. "विसर पडला होय? असू दे, मी सांगते." मग त्याच्या हातात कापूस द्यावा, तांदूळ निवडायला द्यावेत, आणि बोटांना त्यांचे त्यांचे आठवू द्यावे.